गॅलियम नायट्राइडची फिल्म टीईएमखाली पाहायची आहे? वेफर कापण्यापासून फाइल जपण्यापर्यंत

पहिल्यांदा टीईएमचा, म्हणजे ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा, स्लॉट मिळाला तेव्हा मी चार तास त्या अंधाऱ्या खोलीत बसले आणि कामाचा एकही फोटो न घेता बाहेर पडले. मशीनमध्ये काही खोट नव्हती, ऑपरेटर अनुभवी होते. माझं सॅम्पल जाड होतं, इलेक्ट्रॉन त्यातून आरपार जातच नव्हते. स्क्रीनवर काळा ठिपका आणि त्याच्या कडेला करडी किनार, एवढंच दिसत होतं. पुढचा स्लॉट मिळायला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत मला कळलं की टीईएमचं बहुतेक काम टीईएमच्या खोलीबाहेर होतं.

ज्यांच्या हातात नुकतीच एखादी सेमीकंडक्टर फिल्म आली आहे आणि गाइडने ‘क्रॉस-सेक्शन टीईएम करून घे’, म्हणजे फिल्मचा उभा काप बघ, असं सांगितलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उदाहरण माझ्या स्वतःच्या कामातलं घेते: सिलिकॉन १११ वेफर (१११ ही पृष्ठभागाला समांतर असलेल्या स्फटिक-प्रतलाची खूण), त्यावर सुमारे १५० नॅनोमीटर ॲल्युमिनियम नायट्राइडचा बफर, म्हणजे मधला थर, आणि त्यावर एक मायक्रॉन गॅलियम नायट्राइड. निळ्या एलईडीसाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच पदार्थामुळे, आणि हल्लीच्या छोट्या फास्ट चार्जरमध्येही हाच असतो. तुमची फिल्म दुसरी असेल तर आकडे बदलतील, कामाचा क्रम फारसा बदलणार नाही.

## १. आधी प्रश्न एका ओळीत लिहा

‘टीईएम करायचंय’ हा प्रश्न नव्हे. फिल्मची जाडी हवी आहे? सिलिकॉन आणि नायट्राइड यांच्या सीमेवर नको असलेला थर बसलाय का, ते बघायचंय? डिस्लोकेशन, म्हणजे स्फटिकातले रेषेसारखे दोष, किती आणि कोणत्या जातीची (एज, स्क्रू की मिक्स्ड) आहेत? की कुठलं मूलद्रव्य कुठे सरकलंय? या चारही प्रश्नांना सॅम्पलची जाडी वेगळी लागते, कापायची दिशा वेगळी लागते, मशीनचा मोडही वेगळा लागतो. डिस्लोकेशन पाहायला १०० ते २०० नॅनोमीटर जाडी चालते, उलट जरा जाडच बरं. अणूंच्या ओळी पाहायच्या तर ५० नॅनोमीटरच्या खाली जावं लागतं.

नुसती जाडीच हवी असेल तर एसईएममध्ये (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) तुटलेल्या कडेवरून ती अर्ध्या तासात मिळते. एक्सआरडीतून (एक्स-रे डिफ्रॅक्शन) स्फटिकाची गुणवत्ता आणि एएफएममधून (ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप) पृष्ठभाग कळतो. ही तिन्ही मापं हातात नसताना टीईएमला जाऊ नका. दहा मायक्रॉन रुंद तुकड्यात जे दिसतं ते सगळ्या वेफरचं आहे की नाही, हे ठरवायला नंतर याच मापांचा आधार लागतो.

## २. कागदपत्रं आणि सामान

आपल्याकडे बहुतेकांना टीईएम दुसऱ्या संस्थेतच करावं लागतं. आयआयटी मुंबईतलं ‘सैफ’ केंद्र बाहेरच्या विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या संशोधकांचे नमुने घेतं. देशात कुठलं उपकरण कुठे आहे ते ‘आय-स्टेम’ या सरकारी पोर्टलवर शोधता येतं आणि अनेक ठिकाणी बुकिंगही तिथूनच होतं. प्रत्येक केंद्राचे नियम वेगळे असतात, पण हे कागद तयार ठेवलेत तर फेरी फुकट जात नाही:

- गाइडची सही असलेला विनंती अर्ज, विभागप्रमुखांचं पत्र आणि तुमचं ओळखपत्र
- सॅम्पल चुंबकीय नाही, विषारी नाही, निर्वातात वाफ सोडत नाही, असं लेखी निवेदन
- थरांची रेखाकृती: कोणता थर, अंदाजे किती जाड, वेफरची दिशा कोणती
- फिल्म वाढवतानाचं तापमान आणि पद्धत, चार ओळींत
- एसईएम आणि एक्सआरडीच्या प्रिंट
- फी भरल्याची पावती

रेखाकृतीला कमी लेखू नका. माझ्या एका ज्युनियरने ती दिली नव्हती. ऑपरेटरनी वरच्या प्लॅटिनमच्या संरक्षक थरालाच फिल्म समजून तासभर त्याचे सुंदर फोटो काढले.

स्वतःजवळ असावं असं सामान: टोकदार, चुंबकीय नसलेला चिमटा, ग्रिड (सॅम्पल बसवायची छोटी जाळी) ठेवायची डबी, फिल्टर पेपर, काचेच्या दोन पेट्री डिश, ॲसिटोन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे, बारीक टोकाचा मार्कर. डेटा कसा देतात ते आधी विचारा. पुष्कळ केंद्रांत पेन ड्राइव्ह लावू देत नाहीत.

## ३. कापायची दिशा

माझ्या मते नवख्यांची सगळ्यात महाग चूक इथेच होते, कारण ती कळते ती थेट मायक्रोस्कोपवर.

छोट्या वेफरला एका बाजूला सरळ कड असते, तिला फ्लॅट म्हणतात. सिलिकॉन १११ च्या वेफरवर हा फ्लॅट ११० प्रकारच्या प्रतलाला समांतर असतो. फ्लॅटला समांतर काप घेतलात तर इलेक्ट्रॉन बीम सिलिकॉनच्या [१-१०] दिशेने जातो आणि गॅलियम नायट्राइडच्या [११-२०] दिशेने. इथे आकड्यापुढची रेघ उणेचं चिन्ह आहे. फ्लॅटला काटकोनात काप घेतलात तर नायट्राइडची [१-१००] दिशा मिळते. सीमेवरचे अणू बघायला पहिला काप चांगला. एज जातीची डिस्लोकेशन नीट ओळखायला दुसरा काप लागतो, त्याचं कारण सातव्या पायरीत येईल. दोन्ही हवे असतील तर सुरुवातीलाच दोन तुकडे काढून ठेवा.

दुसरी गोष्ट. सिलिकॉन १०० चा वेफर हिऱ्याच्या पेनने ओरखडा काढून काटकोनात मोडायची सवय असेल तर इथे फसाल. सिलिकॉन मुळात १११ प्रतलांवर तुटतो, आणि १११ च्या वेफरमध्ये ती प्रतलं पृष्ठभागाशी काटकोनात नसून तिरकी असतात. मोडलेली कड कलते. डायमंड सॉ मिळत असेल तर तीच वापरा, फिल्म वर ठेवा आणि मेणाने संरक्षक काच चिकटवून कापा.

कापल्याबरोबर तुकड्याच्या मागच्या बाजूला मार्करने फ्लॅटची दिशा बाणाने दाखवा. लगेच. ‘नंतर करते’ म्हणून बाजूला ठेवलेले चार सारखे चौकोनी तुकडे पुढे कोणीही ओळखू शकत नाही.

## ४. पातळ करणं: हाताने

दोन वाटा आहेत. हाताने घासून आर्गनच्या आयनांनी झिजवणं ही एक, आणि फिब (फोकस्ड आयन बीम) मशीनमध्ये आयन बीमने कोरून काप उचलणं ही दुसरी. फिबची सोय असली तरी एकदा तरी हाताने करून बघा असं मी आग्रहाने सांगेन. त्यातून सॅम्पल म्हणजे काय ते बोटांना कळतं. शिवाय चांगल्या हाताच्या सॅम्पलमध्ये जेवढा पातळ आणि स्वच्छ भाग मिळतो, तेवढा फिबमध्ये क्वचितच मिळतो.

सँडविच. दोन अरुंद पट्ट्या फिल्म समोरासमोर येईल अशा इपॉक्सीने चिकटवा. दोन्ही बाजूंना साध्या सिलिकॉनच्या पट्ट्या लावून जाडी वाढवा. स्प्रिंगच्या क्लॅम्पमध्ये दाबून इपॉक्सीच्या बाटलीवर दिलेल्या तापमानाला भाजा. डिंकाची रेघ मायक्रॉनच्या आत आली पाहिजे. ती जाड राहिली तर आयन मिलिंगमध्ये डिंक आधी झिजतो आणि फिल्मची कड उघडी पडून गोलावते. पट्ट्या चिकटवण्याआधी ॲसिटोन आणि मग आयसोप्रोपिलने धुवा. धुळीचा एक कण राहिला तरी रेघ जाड होते.

घासणं. सँडविचचा अर्धा मिलिमीटरचा काप घ्या, मेणाने स्टबवर चिकटवा आणि डायमंड फिल्मवर ३० मायक्रॉनपासून सुरू करून १५, ९, ३, १ असे उतरत जा. नियम असा: प्रत्येक कागदाने आधीच्या कागदाच्या कणाच्या निदान तिप्पट जाडी काढायची. ओरखडा डोळ्याला दिसतो त्याहून खोल गेलेला असतो, आणि ती इजा काढली नाही तर पुढे फिल्ममध्ये तिथूनच तडा जातो. एक बाजू आरशासारखी झाली की उलटा आणि दुसरी बाजू घासत ८० ते १०० मायक्रॉनपर्यंत या.

उलटवताना घाई नको. बहुतेक सॅम्पल इथेच तुटतात. मेण ॲसिटोनमध्ये आपोआप विरघळू द्या, सुरीने उचकटू नका. पेट्री डिशच्या तळाशी आधीच फिल्टर पेपर ठेवा. काप सुटला की तो कागदावर बसतो आणि कागद उचलला की काप वर येतो. चिमट्याने धरायला गेलात तर काचेला चिकटलेला काप मधोमध मोडतो. हे मी दोनदा केलंय.

डिंपल. काप तांब्याच्या कड्यावर चिकटवून डिंपल ग्राइंडरने मधोमध वाटीसारखा खळगा करा आणि तळाशी १५ ते २० मायक्रॉन राखा. जाडी बघायची सोपी युक्ती सिलिकॉनच देतो. खालून प्रकाश टाका. दहा मायक्रॉनच्या आसपास सिलिकॉन गडद लाल दिसायला लागतो, आणखी पातळ झाला की नारिंगी, मग पिवळसर. पहिल्यांदा तो लाल रंग दिसतो तेव्हा फार आनंद होतो. नायट्राइडच्या रंगावरून मात्र काही ठरवू नका. त्याचा बँड गॅप ३.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, त्यामुळे दृश्य प्रकाशाला तो कितीही जाड असला तरी पारदर्शकच.

आयन मिलिंग. आर्गन, ४ ते ५ किलोव्होल्ट, ४ ते ६ अंशांचा कोन. डिंकाच्या रेषेवर भोक पडायची वाट बघायची. भोकाच्या कडेला रंगीत पट्टे दिसले की थांबा आणि व्होल्टेज १ किलोव्होल्टपर्यंत खाली आणून आणखी १०-१५ मिनिटं द्या. शेवटचं हे हळुवार झिजवणं टाळलं तर दोन्ही पृष्ठभागांवर अस्फटिक थर राहतो आणि अणूंच्या ओळी धुक्यातून बघितल्यासारख्या दिसतात. मशीनला द्रव नायट्रोजनने थंड होणारी स्टेज असेल तर ती मागून घ्या.

एवढ्या सगळ्याला पहिल्या वेळी आठवडा लागतो. पाचव्या वेळी दोन-अडीच दिवस.

## ५. पातळ करणं: फिबने

इथे मशीन दुसरं कोणी चालवत असतं, तुम्ही बाजूला बसता. तरी काय मागायचं ते तुम्हाला माहीत हवं.

पहिली मागणी: वरचा प्लॅटिनमचा पहिला थर इलेक्ट्रॉन बीमने घाला, आयन बीमने नको. आयन बीमने थेट घातलेल्या प्लॅटिनमखाली फिल्मचा वरचा भाग गॅलियम आयनांनी आधीच खराब झालेला असतो. १००-२०० नॅनोमीटर इलेक्ट्रॉन बीमने, मग मायक्रॉन-दीड मायक्रॉन आयन बीमने, असा क्रम.

दुसरी मागणी: शेवटची झीज ५ आणि मग २ किलोव्होल्टवर. यामागचं गणित स्वतः करून बघा. ३० किलोव्होल्टच्या गॅलियम आयनांनी सिलिकॉनमध्ये प्रत्येक बाजूला सुमारे २० नॅनोमीटर थर अस्फटिक होतो. लॅमेला, म्हणजे उचललेला पातळ काप, ६० नॅनोमीटरची असेल तर दोन्ही बाजू मिळून ४० गेले, उरले २०. म्हणजे बीमच्या वाटेतला दोन तृतीयांश पदार्थ तुमचा राहिलाच नाही.

तिसरी: दोन्ही कडांना जाड चौकट ठेवून मधल्या खिडक्याच पातळ करा. नायट्राइड वाढवतात हजार अंशांच्या आसपास. थंड होताना तो सिलिकॉनपेक्षा जास्त आकसतो, म्हणून खोलीच्या तापमानाला फिल्म ताणलेली असते. पूर्ण लॅमेला एकसारखी पातळ केली की ती पापडासारखी वाकते. मग एका टोकाला स्फटिक बीमशी जुळवलात की दुसरं टोक दोन अंश कललेलं असतं.

लॅमेला ग्रिडच्या कोणत्या खांबावर, कोणत्या बाजूला चिकटवली याचं चित्र वहीत काढून घ्या.

## ६. मायक्रोस्कोपवर बसल्यावर

आदल्या दिवशी सॅम्पल प्लाझ्मा क्लीनरमध्ये द्या. कार्बनचं पुट बीमखाली जमतं आणि दहा मिनिटांत तुमची सगळ्यात चांगली जागा काळवंडते. ग्रिडवर कार्बनची जाळी असेल तर ऑक्सिजन प्लाझ्मा तीही खाऊन टाकतो, म्हणून ऑपरेटरना ग्रिडचा प्रकार सांगा. होल्डरच्या टोकाला आणि ओ-रिंगच्या पुढच्या भागाला उघड्या हाताने स्पर्श करू नका.

मग हा क्रम. कमी मॅग्निफिकेशनवर भोकाची कड किंवा लॅमेला शोधा आणि तिचा एक फोटो लगेच काढा, नंतर तोच नकाशा म्हणून वापरता येतो. युसेंट्रिक उंची लावा, म्हणजे सॅम्पल कलवलं तरी जागा पळत नाही. मग डिफ्रॅक्शनमध्ये जा, पण फिल्मवर नाही, सिलिकॉनवर. सब्स्ट्रेट हा जवळजवळ निर्दोष स्फटिक असतो. त्याच्या किकुची रेषा (डिफ्रॅक्शनमध्ये स्फटिकाची दिशा दाखवणारे पट्टे) रस्त्यांसारख्या स्वच्छ दिसतात. रस्ते जिथे एकमेकांना छेदतात त्या चौकाकडे सॅम्पल कलवत न्यायचं, तो चौक म्हणजे तुमचा [१-१०] झोन ॲक्सिस, म्हणजे बीम बरोबर त्या दिशेने जातोय. डाव्या हाताने एक टिल्ट, उजव्याने दुसरा. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं लागतात. वैतागू नका, हे सायकलसारखं एकदाच शिकायचं असतं.

झोन ॲक्सिस नीट नसेल तर सीमा तिरकी दिसते आणि रुंद, पुसट पट्टा तयार होतो. सॅम्पल ८० नॅनोमीटर जाड असेल आणि सीमा दोन अंशांनी कललेली असेल, तर तो पट्टा जवळपास ३ नॅनोमीटरचा होतो. लोक त्यालाच ‘इंटरफेशियल लेयर’ म्हणून थिसिसमध्ये टाकतात.

आता ॲपर्चर सीमेवर ठेवून दोन्ही स्फटिकांचा एकत्र डिफ्रॅक्शन पॅटर्न घ्या. फिल्म नीट वाढली असेल तर सिलिकॉनचा १११ ठिपका आणि नायट्राइडचा ०००२ ठिपका मध्यापासून एकाच रेषेवर येतात. सिलिकॉनचं अंतर ०.३१३६ नॅनोमीटर, नायट्राइडचं ०.२५९, म्हणून नायट्राइडचा ठिपका थोडा बाहेर. सिलिकॉनचं हे अंतर पक्कं माहीत असल्यामुळे तुमच्या हातात एक फूटपट्टी आली. मशीनच्या स्केल बारवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मॅग्निफिकेशनमध्ये काही टक्क्यांचा फरक असू शकतो. त्याच फोटोतल्या सिलिकॉनच्या ओळी मोजा, आणि त्यावरून फिल्मचं माप दुरुस्त करा.

## ७. डिस्लोकेशन दिसणं आणि न दिसणं

सिलिकॉन १११ च्या पृष्ठभागावर अणूंमधलं अंतर ०.३८४ नॅनोमीटर, गॅलियम नायट्राइडचं ०.३१९. फरक जवळपास १७ टक्के. एवढी तफावत असताना स्फटिक न बिघडता वाढणं शक्यच नाही. सीमेपासून उभ्या धाग्यांसारखी डिस्लोकेशन वर पृष्ठभागापर्यंत जातात, त्यांना थ्रेडिंग डिस्लोकेशन म्हणतात.

ती झोन ॲक्सिसवर बघायची नसतात. तिथे सगळेच बीम जोरात असतात आणि चित्र गचपणासारखं दिसतं. तिथून काही अंश कलवून असं करा की मध्यबिंदूखेरीज एकच ठिपका ठसठशीत उरेल. यालाच टू-बीम कंडिशन म्हणतात. तो ठिपका म्हणजे तुमचा जी वेक्टर. डिस्लोकेशनच्या बर्गर्स वेक्टरला (अणू किती आणि कुठल्या दिशेने सरकलेत ते सांगणारा), म्हणजे बी ला, जी काटकोनात असेल तर ते डिस्लोकेशन दिसेनासं होतं.

नायट्राइडमध्ये याचा अर्थ सरळ आहे. जी ०००२ घेतला तर स्क्रू आणि मिक्स्ड जातीची दिसतात, शुद्ध एज लपतात. जी ११-२० घेतला तर एज आणि मिक्स्ड दिसतात, स्क्रू लपतात. एकाच जागेचे हे दोन फोटो शेजारी ठेवा. जी रेघ दोन्हींत आहे ती मिक्स्ड. आणि आता तिसऱ्या पायरीचं कारण: ११-२० हा ठिपका [१-१००] झोनमध्येच मिळतो, म्हणून दुसऱ्या दिशेचा काप लागतो. हे मला सॅम्पल तयार झाल्यावर कळलं होतं.

आता मोजणी, आणि इथे जपून. समजा फिल्ममध्ये प्रति चौरस सेंटिमीटर १०⁹ डिस्लोकेशन आहेत. म्हणजे एका चौरस मायक्रॉनमध्ये १०. तुमचं सॅम्पल १०० नॅनोमीटर जाड आहे, तर एक मायक्रॉन रुंदीच्या फोटोत वरून बघितलेलं क्षेत्र फक्त ०.१ चौरस मायक्रॉन. त्यात सरासरी एक डिस्लोकेशन. पाच मायक्रॉनच्या खिडकीत पाच, नशीब बरं-वाईट असेल तर तीन किंवा आठ. अशा मोजणीवरून ‘आमच्या नव्या बफरमुळे घनता निम्मी झाली’ असं लिहिणं धोक्याचं आहे. घनता हवी असेल तर प्लॅन-व्ह्यू सॅम्पल करा, म्हणजे फिल्म वरून बघा. क्रॉस-सेक्शन डिस्लोकेशन कुठे जन्मतात, कुठे वाकतात, कुठे एकमेकांना भेटून संपतात हे दाखवायला आहे. त्या कामात त्याला तोड नाही.

## ८. अणूंच्या ओळी

सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम नायट्राइडची सीमा हे या सॅम्पलमधलं माझं सगळ्यात आवडतं ठिकाण. खाली सिलिकॉनच्या उभ्या ओळी, वर नायट्राइडच्या. सावकाश मोजत गेलात तर दिसतं की सिलिकॉनच्या चार ओळींच्या जागेत नायट्राइडच्या पाच बसल्या आहेत. आकड्यांतही ते जुळतं: ०.३८४ चौपट १.५३६, आणि ०.३११ पाचपट १.५५५. तफावत १९ टक्क्यांची, पण चारास पाच अशी गाठ घातली की एका टक्क्याच्या आसपासच उरते. पुस्तकात वाचलेली ही गोष्ट स्वतःच्या सॅम्पलमध्ये बोटाने मोजून सापडते, तेव्हा केलेल्या घासाघाशीचं चीज होतं.

पण साध्या हाय-रिझोल्यूशन फोटोत काळा ठिपका म्हणजे अणू, असं धरू नका. फोकस थोडा बदलला की काळ्याचं पांढरं होतं. जाडी बदलली तरी होतं. म्हणून वेगवेगळ्या फोकसवर पाच-सात फोटोंची मालिका घ्या, आणि अस्टिग्मॅटिझम आधी अस्फटिक भागावर, एफएफटीतली (फोटोच्या फूरिये रूपांतरातली) कडी गोल होईपर्यंत दुरुस्त करा. स्टेममध्ये, म्हणजे बारीक बीम सॅम्पलवर फिरवून चित्र काढताना, एचएएडीएफ मोड (मोठ्या कोनात विखुरलेले इलेक्ट्रॉन टिपणारा) वापरलात तर अर्थ लावणं सोपं जातं. जड अणू उजळ, हलके मंद. गॅलियमचा अणुक्रमांक ३१, त्यामुळे तो झळकतो. ॲल्युमिनियम १३ आणि सिलिकॉन १४, म्हणून या दोघांची सीमा एचएएडीएफमध्ये अगदी पुसट दिसते. सॅम्पल बिघडलं असं समजून घाबरू नका.

सीमेवर एक-दोन नॅनोमीटरचा अस्फटिक थर दिसला तर तो सिलिकॉन नायट्राइडचा असू शकतो. वाढीच्या सुरुवातीला सिलिकॉनचा पृष्ठभाग नायट्रोजनशी जुळला की तो तयार होतो. पण आयन मिलिंगनेही असा देखावा तयार होतो. दोन वेगळ्या पद्धतींनी केलेल्या सॅम्पलमध्ये तोच थर त्याच जाडीचा दिसला, तरच तो फिल्मचा म्हणा.

बीम स्वतःसुद्धा रचना तयार करतो. इंडियम गॅलियम नायट्राइडच्या क्वांटम वेलमध्ये (एलईडीतला प्रकाश देणारा अतिपातळ थर) इंडियमचे नॅनोमीटर आकाराचे पुंजके असतात आणि एलईडी त्यांच्यामुळेच एवढी उजळ पेटते, असं बरीच वर्षं टीईएमच्या फोटोंवरून सांगितलं जात होतं. २००३ मध्ये केंब्रिजच्या गटाने दाखवलं की असे पुंजके इलेक्ट्रॉन बीमखाली फार थोड्या वेळात तयार होतात. म्हणून नव्या जागेवर गेल्याबरोबर पहिला फोटो काढा, फोकस शेजारच्या जागेवर करा, आणि शेवटी पुन्हा त्याच जागेचा फोटो घ्या. दोन्ही सारखे असतील तर निर्धास्त.

## ९. ईडीएस: गॅलियमचा सापळा

माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. फिबने केलेल्या लॅमेलाच्या ईडीएस नकाशात (सॅम्पलमधून निघणाऱ्या एक्स-रेंवरून मूलद्रव्यं ओळखायची पद्धत) ॲल्युमिनियम नायट्राइडच्या थरात गॅलियम दिसलं. गॅलियम बफरमधून खाली झिरपतंय, असा अर्थ मी लावला, पोस्टर केलं, प्रेझेंटेशनमध्ये दाखवलं. समोर बसलेल्या एका ज्येष्ठ बाईंनी एवढंच विचारलं, ‘खाली सिलिकॉनमध्ये किती आहे?’ मी मोजलंच नव्हतं. परत जाऊन सीमेच्या दोन मायक्रॉन खाली मोजलं. तिथेही जवळपास तेवढंच. ते सगळं फिबच्या बीममधून रुतलेलं गॅलियम होतं.

तेव्हापासून माझी पद्धत अशी: जिथे ते मूलद्रव्य असूच शकत नाही, अशा जागेचा स्पेक्ट्रम सगळ्यात आधी घ्यायचा. गॅलियमच्या फिल्मवर गॅलियम झिरपण्याचा प्रश्न असेल तर सॅम्पल हाताने, आर्गनने करायचं, किंवा झेनॉन प्लाझ्मा फिब मिळत असेल तर त्यावर.

आणखी दोन. तांब्याची ८.०५ केईव्हीची रेषा ग्रिडमधून येते, ती फिल्मची नाही. आणि नायट्रोजनची रेषा ०.३९ केईव्हीला, इतकी मऊ की सॅम्पलमध्येच शोषली जाते. ईडीएसवरून नायट्रोजनचं प्रमाण टक्क्यात लिहू नका.

## १०. फाइल आणि डबी

फोटो मशीनच्या मूळ फॉरमॅटमध्ये घ्या, डीएम३, डीएम४ किंवा जे असेल ते. त्यात कॅलिब्रेशन, व्होल्टेज, कॅमेरा लेंथ सगळं असतं. जेपेगमध्ये यातलं काहीच राहत नाही, आणि परीक्षकाने सहा महिन्यांनी विचारलं की उत्तर देता येत नाही. उघडायला फिजी हे सॉफ्टवेअर चालतं, स्पेक्ट्रमसाठी हायपरस्पाय, दोन्ही मोफत. फाइलच्या नावात सॅम्पल, जागा आणि झोन लिहा. प्रत्येक फोटोला वहीत एक ओळ हवी: का काढला, टिल्टचे दोन आकडे किती, जी कोणता.

घरी आल्यावर त्याच रात्री ठळक दहा फोटो निवडून सिलिकॉनच्या ओळींवरून स्केल तपासा. जागा डोळ्यांसमोर ताज्या असतात, चूक लगेच सापडते.

ग्रिडची डबी डेसिकेटरमध्ये ठेवा, झाकणावर तारीख आणि खणाचा क्रमांक लिहा. उरलेला वेफरचा तुकडाही जपा, बाण काढलेला. रेफरी दुसऱ्या दिशेचा काप मागतात तेव्हा त्याच वाढीतला तुकडा लागतो.